कॅरमचा चौथा गडी

माझी नात पुण्यात मानसशास्त्र शिकते. मोबाइलवर अनोळखी माणसांबरोबर खेळ खेळणारे लोक नेमके कशासाठी खेळतात, हा तिच्या अभ्यासाचा विषय. सुट्टीत घरी आली तेव्हा तिनं मला विचारलं, "आजोबा, तुमच्या ओसरीवर म्हणे रोज कॅरमचा डाव बसायचा. कोण कशाला खेळायचं?" मी तिला तिघांबद्दल सांगितलं. चौथ्याबद्दल विचारल्यावर म्हणालो, शाळेतले एक गुरुजी होते, पुढं बदलून गेले.

ते बदलून गेले नव्हते. ही थाप मी बायकोच्या माहेरी, मुलांना, सोयऱ्यांना सगळ्यांना मारत आलो. सांगायचं टाळत आलो. आता माझ्याशिवाय हे ठाऊक असणारं फारसं कोणी उरलं नाही, म्हणून लिहितो आहे.

ताडकळसच्या बाजाराला जाणारा रस्ता आमच्या ओसरीसमोरून जातो. एसटीही तिथंच थांबायची. मी सोसायटीत कारकून होतो. कॅरम माझा, दिवा माझा, चहा माझ्या घरचा. संध्याकाळी चौघं जमायचो आणि जोडीदार समोरासमोर बसायचो.

एका बाजूला मालक. गावात त्यांची जमीन सगळ्यांत जास्त, शब्दही त्यांचाच चालायचा. ते जिंकायला खेळायचे. हरले की घरी जाऊन जेवायचे नाहीत, असं त्यांची बायकोच सांगायची. स्ट्रायकर रेषेबाहेर गेला तरी फाऊल कबूल करायचे नाहीत. त्यांचा जोडीदार पोस्टमन. त्याला हार-जीत सारखीच, त्याला माणसं लागायची. कोणाच्या पोरीला स्थळ आलं, कोणाची म्हैस आटली, हे त्याला खेळता खेळता सांगायचं असायचं.

"मालक, फाऊल तुमी केलाव, पर ओरडायला आमालाच लागलाव," तो म्हणायचा.

"तू आधी सोंगटी घाल. म्हैस मग घाल."

माझ्याबद्दल मी नातीला म्हणालो की मी हौसेनं खेळायचो. तेही खरं नाही. बाजारातून परतणाऱ्या माणसांनी रस्त्यावरून बघावं आणि म्हणावं, याच्या ओसरीवर सगळ्या जातीची माणसं बसतात, यासाठी मी खेळायचो.

कारण माझा जोडीदार ते गुरुजी होते. बौद्ध वस्तीतले, गावच्याच शाळेत शिकवणारे. त्यांच्यासारखा हात मी पुन्हा पाहिला नाही. कडेला चिकटलेली सोंगटी ते उलट्या मारानं अलगद उचलायचे. नेम धरायला वेळ घ्यायचे तेव्हा मालक चिडवायचे, "गुरुजी, नेम धरायलाव का हजेरी घ्यायलाव?"

"हजेरीच घ्यायलोय. तुमची राणी गैरहजर होणार हाय आता," म्हणत ते राणी पॉकेटात घालायचे, आणि मालकांनाही हसू यायचं.

एकच स्ट्रायकर चौघांच्या हातांतून फिरायचा. त्याचा विटाळ कोणाला नव्हता. कपाचा होता. गुरुजींचा कप वेगळा होता आणि ओसरीच्या कोनाड्यात असायचा. चहा झाला की ते स्वतःच तो विसळून पालथा घालायचे. कधी बोलले नाहीत, म्हणून मी समजून चाललो होतो की त्यांना काही वाटत नाही.

एकदा आम्ही दोघंच होतो तेव्हा मी विचारलं, "गुरुजी, तुम्हाला हा खेळ एवढा का आवडतो?"

ते म्हणाले, "इथं पाळी ठरलेली असते. माझी पाळी आली की सगळ्यांना थांबावं लागतं. मालकांनाबी." आणि हसले. मीही हसलो. मला तो विनोद वाटला होता.

अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव मुंबईत झाला आणि इकडं गावं पेटली. एसटी बंद पडली. कुठं वस्ती जाळली, कुठं रस्ता अडवला, अशा बातम्या सायकलींवरून यायच्या. गावातली पोरं पारावर घोळक्यानं बसू लागली. मालकांचा पुतण्या त्यांच्या मध्यभागी. मग देवळात बैठक झाली. वस्तीशी कोणी व्यवहार करायचा नाही, किराणा द्यायचा नाही, दळण दळायचं नाही, असं ठरलं. मी त्या बैठकीत भिंतीला टेकून बसलो होतो. हात वर करायला कोणी सांगितलं नाही आणि उठून जायला मला जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गुरुजी नेहमीच्या वेळी आले. इस्त्रीचा शर्ट, तेल लावून बसवलेले केस. मालक आणि पोस्टमन आधीच येऊन बसले होते. बोर्ड मांडलेला होता.

गुरुजी नेहमी रस्त्याकडं पाठ करून बसायचे. त्या दिवशी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "आज मी या बाजूला बसू का? तुम्ही तिकडं बसा."

माझ्या बाजूनं रस्ता दिसायचा आणि रस्त्यावरून तिथं बसलेल्याचा चेहरा दिसायचा. पारावरची पोरं याच वाटेनं येत-जात होती. गुरुजी मालकांच्या शेजारी, तोंड रस्त्याकडं करून, हातात स्ट्रायकर घेऊन बसलेले दिसले असते, तर मालकांचा पुतण्या गुरुजींच्या घराकडं काडी घेऊन जायला धजावला नसता. घरात त्यांची म्हातारी आई होती, बायको होती, लहान लेकरं होती. ते खेळायला आले नव्हते. घर वाचवायला आले होते, आणि तोंडानं मागायला लागू नये म्हणून डावात जागा मागत होते.

मला तेव्हा कळलं नाही, असं मी स्वतःला फार वर्षं सांगितलं. मला कळलं होतं. त्यांनी जागा बदलून मागितली त्याच क्षणी कळलं होतं.

मालकांनी माझ्याकडं बघितलं. पोस्टमन सोंगट्या चाळवत राहिला. ओसरी माझी होती, तेव्हा उत्तरही मीच द्यायचं होतं.

मी म्हणालो, "आज राहू द्या गुरुजी. पावडर संपली."

त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली. "म्हणूनच घेऊन आलो. काल डबा हलका लागला होता हाताला."

पुडी बोर्डाच्या कडेवर ठेवून ते उभे राहिले. अजूनही मी सरकलो असतो तर चाललं असतं. एवढंच करायचं होतं, उठून समोरच्या बाजूला बसायचं.

"नाही, मला बरं वाटत नाही," मी म्हणालो. "डोकं दुखायलंय."

ते माझ्याकडं बघत राहिले. त्या बघण्यात राग असता तर मला आज बरं वाटलं असतं. मास्तर एखाद्या पोराला उत्तर येतं की नाही याची वाट बघतो, तसे ते बघत होते. मग म्हणाले, "बरं. पडा तुम्ही." चपला घातल्या आणि गेले. पुडी तिथंच राहिली.

ते कोपऱ्यावर वळायच्या आत मालक म्हणाले, "झालं ते बरं झालं. मांड आता." त्यांनी रस्त्यावरून पुतण्याला हाक मारली आणि तो गुरुजींच्या जागी बसला. मी पुडी फोडून पावडर टाकली. पहिला मार मालकांनी मारला. कॅरमचा आवाज किती लांब जातो हे खेळणाऱ्याला ठाऊक असतं. तो कोपऱ्यापर्यंत नक्की जातो.

त्या रात्री वस्ती जळाली. गुरुजींचं घर रस्त्याकडून पहिलं, ते आधी पेटलं. घरातली माणसं ओढ्यापलीकडच्या उसात जाऊन बसली म्हणून वाचली. पण घरं जळून गेल्यावर पाऊस लागला तो उजाडेपर्यंत, आणि भिजलेली म्हातारी त्यातून उठली नाही. परभणीला नातेवाइकांकडं नेल्यावर त्याच पावसाळ्यात ती गेली. पोलीस आले तेव्हा मी सांगितलं की मी डोकं दुखत होतं म्हणून लवकर झोपलो होतो.

मी जागा दिली असती तरी कदाचित घर जळालंच असतं. हे 'कदाचित' मी आयुष्यभर वापरलं. त्याचा उपयोग झाला नाही.

गुरुजी पुन्हा गावात आले नाहीत. पुढं पेडगावकडं कुठल्याशा शाळेत ते हेडमास्तर झाले, असं पोस्टमनकडून कळलं. आमचा डाव मात्र सुरू राहिला. मला जोडीदार मिळाले, मालक जिंकत राहिले.

चौऱ्याण्णव साली नामविस्तार झाला, त्यानंतर काही आठवड्यांनी ते मला परभणीच्या बस स्टँडवर भेटले. केस पांढरे झाले होते. मी ओळखलं आणि मान खाली घातली, पण तेच जवळ आले. "काय म्हणता? वहिनी बऱ्या आहेत?" आम्ही कँटीनमध्ये चहा घेतला. पोरं काय करतात ते त्यांनी सांगितलं. मोठी मुलगी नर्स झाली होती. मी गावातले कोण कोण गेले ते सांगितलं. मालक अंथरुणाला खिळल्याचं ऐकून ते म्हणाले, "हाल होऊ नयेत माणसाचे."

मी कप खाली ठेवला. "गुरुजी, त्या दिवशी..."

"तुमची गाडी लागली बघा," ते म्हणाले. फलाटावर खरंच ताडकळसची गाडी लागली होती. त्यांना ऐकायचं नव्हतं की मला सोडवायचं होतं, ते मला आजही कळलेलं नाही. एवढं कळतं की मी पटकन उठलो, आणि उठताना मला हलकं वाटलं. त्या हलकं वाटण्याची लाज त्या संध्याकाळपेक्षा कमी नाही.

त्यानंतर पेडगावला जायचं मी किती वेळा ठरवलं आणि काय काय कारणं काढली, ती आता सांगण्यासारखीही नाहीत. एक दिवस पेपरात त्यांच्या निधनाची बातमी आली. मी त्यांच्या घरी गेलो. दार त्यांच्या बायकोनं उघडलं. तिनं मला ओळखलं की नाही, सांगता येत नाही.

"काय काम होतं?" तिनं विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. "ओळख होती."

म्हणायचं होतं ते असं: गुरुजी, तुम्ही कशाला आला होता ते मला कळलं होतं. मी भ्यालो, आणि तुमच्या आईचा जीव गेला. मला माफ करा असं म्हणायचा मला हक्क नाही, तरी म्हणतो.