चार बोटं जास्त

गीतांजलीच्या पायाला भिंगरी आहे, हे तिच्या आईनं, माणिकबाईनं, ती तीन वर्षांची असतानाच जाहीर करून टाकलं होतं. आज गीतांजली चौतीस वर्षांची आहे आणि आईला आपलं मत बदलायची गरज पडलेली नाही. अमरावतीत पॉलिटेक्निक केलं. पुण्यात यंत्रांचे सुटे भाग संगणकावर काढायची नोकरी धरली, चार वर्षांनी सोडली. नाशिकला दुसरी धरली, तीही सोडली. आता अमरावतीत बडनेरा रोडला भाड्याच्या एका खोलीत तिनं स्वतःचं काम मांडलंय आणि आश्चर्य म्हणजे तीन वर्षं झाली तरी ते टिकून आहे.

काम काय, तर चिलखतं. खरी नव्हेत, सोंगाची. लोक तिला फोटो पाठवतात, कोणी कागदाचे कापलेले साचे पाठवतं. गीतांजली साचा जमिनीवर पसरते, शेजारी स्टीलची फूटपट्टी ठेवते, स्टुलावर चढून वरून सरळ फोटो घेते. मग संगणकावर त्याची कड गिरवायची, तुकडे एकमेकांना जोडायचे, आणि बघता बघता पडद्यावर एक रिकामी छाती उभी राहते. गोल फिरवा, आतून बघा, बाहेरून बघा. शेवटी यंत्र जाड फोममधून ते तुकडे कापून देतं. शाळांची गॅदरिंगं, नवरात्रातले देखावे, शहरांतली योद्ध्यांच्या वेषात मिरवणारी हौशी मंडळी, सगळ्यांची गिऱ्हाइकी तिच्याकडे आहे. काम करतानाही ती बसत नाही. मूठभर मुरमुरे तोंडात टाकत उभ्यानंच माउस हलवते.

हे वेड आलं बापाकडून. शालिकरामचं अकोल्यात, जुन्या शहरात, ड्रेपरीचं दुकान आहे. ड्रेपरी म्हणजे नाटकांचे कपडे भाड्यानं देण्याचा धंदा. घराणं माळ्याचं, फुलं विकणारं. माणिकबाई अजूनही हार ओवते. पण शालिकराम तरुणपणी झेंडूच्या करंड्या टाकून पुठ्ठ्याचे मुकुट करत बसला आणि मग चाळीस वर्षं उठलाच नाही. बाळापूर, पातूर, दर्यापूर, कुठल्याही गावात नाटक असो, सेनापतीची छाती शालिकरामनंच झाकलेली. दर माणसाचा साचा तो सिमेंटच्या पोत्याच्या कागदावर कापायचा, निळ्या पेन्सिलीनं नाव लिहायचा आणि लोखंडी पेटीत टाकायचा. तारीख मात्र कधी लिहिली नाही. माझं मला कळतं, म्हणायचा.

दोन वर्षांपासून शालिकरामचे हात थरथरायला लागले. आधी चहाची बशी वाजायची, मग कैची. त्यानं कैचीला धार नाही असं सांगायला सुरुवात केली. धार लावून आणली, तरी धार नव्हतीच. घरात या गोष्टीचं नाव कोणी काढत नसे. माणिकबाईनं त्याचा चहा गुपचूप पेल्यात द्यायला सुरुवात केली, एवढंच.

गीतांजलीला मात्र धीर धरवेना. तिला भीती वाटत होती, साधी, सरळ भीती. आज हात गेले, उद्या आठवण गेली तर? पेटीत चाळीस वर्षांची माणसं पडली होती आणि त्यांची किल्ली एका म्हाताऱ्याच्या डोक्यात होती. दर रविवारी ती अकोल्याची बस धरायची आणि दारातूनच सुरू व्हायची.

"बाबा, पेटी न्या लागते मले अमरावतीले. समदे कागद मशीनीत घालून ठेवतो."

"काहून? पेटीत काय वाळवी लागून राहिली?"

असं पाच-सहा महिने चाललं. शेवटी शालिकरामनं एक अट घातली. दर्यापूरजवळच्या एका गावातल्या भगवंतरावाचं जुनं चिलखत उंदरांनी खाल्लं होतं आणि यात्रेतल्या नाटकासाठी त्याला नवं हवं होतं. त्याचा एक साचा घेऊन जा, म्हणाला. अंगाले बसलं तर पेटी तुयी. नाई बसलं तर पेटीचं नाव काढायचं नाही, मी हाय तोवर.

साचा घेऊन गीतांजली अमरावतीला आली ती जवळजवळ पळतच. भगवंतरावाला फोन केला. हा पन्नाशीचा शेतकरी, आवाज असा की माईकवाल्याला कामच उरू नये. तिनं सांगितलं, "काका, बनियन घालून तीन फोटो काढून पाठवा. समोरून, बाजूनं, पाठीमागून. सरळ उभे राहा, हालू नका." भगवंतराव आज्ञाधारक माणूस. दर्यापूरला स्टुडिओत जाऊन त्यानं रीतसर फोटो काढले.

आणि इथं घोळ झाला. पडद्यावर साच्याची छाती उभी केली, फोटोतल्या छातीवर ठेवली, तर साचा मोठा. थोडाथोडका नव्हे, चार बोटं मोठा. तिनं पुन्हा मोजलं, फूटपट्टी बदलली, फोटो बदलला. चार बोटंच.

तिच्या मनात पहिल्यांदा जे आलं तेच तिनं खरं धरलं. बाबांचा हात हलला असणार. कागदाची कड तर सरळ होती, थरथरत्या हातानं कापलेली वाटत नव्हती, हे तिनं पाहिलं होतं. पण पाहिलेलं मनावर घ्यायला क्षणभर थांबावं लागतं. एक फोन केला असता तर काम झालं असतं. पण विचारायचं म्हणजे हातांचं नाव काढावं लागलं असतं आणि ते तिच्यानं होईना. तिनं ती चार बोटं मुकाट्यानं काढून टाकली. बापाची चूक बापाला न कळता सुधारली म्हणून तिला थोडं बरंसुद्धा वाटलं.

चिलखत झालं मात्र देखणं. फोमवर गरम हवेची हीट गन फिरवून तिनं त्याला छातीची गोलाई दिली, वर जुन्या पितळेचा रंग चढवला. नाटकाच्या दोन दिवस आधी तालमीला ती ते घेऊन निघाली. अकोल्याला येऊन तिनं शालिकरामलाही बरोबर घेतलं. अकोल्याहून दर्यापूरपर्यंत बस, पुढं जीप. जीपमध्ये गीतांजलीनं चिलखत मांडीवर धरलं होतं आणि तिचा पाय सारखा हलत होता. शेजारच्या बाईनं दोनदा तिच्या गुडघ्याकडं पाहिलं.

शाळेच्या पटांगणात दुपारी तालीम होती. भगवंतरावानं चिलखत चढवलं आणि मंडळींनी तोंडात बोटं घातली. बाजूचे पट्टे घट्ट बसले, एक सुरकुती नाही. गीतांजलीनं बापाकडं पाहिलं. बाप बाकावर बसला होता, हात मांड्यांखाली दाबून. तिच्या डोळ्यांपुढं पेटी नाचायला लागली होती.

मग भगवंतराव युद्धाआधीचं भाषण म्हणायला उभा राहिला. पहिलं वाक्य दणक्यात गेलं. दुसऱ्या वाक्याला आवाज बारीक झाला. तिसऱ्यासाठी त्यानं दम घेतला आणि दम काही आत जाईना. चेहरा लाल, डोळे मोठे, तोंड उघडं. एक पट्टा तुटला आणि बक्कल थेट तबल्यावर जाऊन आदळलं. सगळं पटांगण हसलं.

"पोरी," भगवंतराव धापा टाकत म्हणाला, "सोंग झ्याक हाय. पण हे घालून मले मरायचाच सीन जमन."

गीतांजली हसली नाही. शालिकराम उठला, हळूहळू जवळ आला.

"माया कागदावर किती होतं?"

"चार बोटं जास्त."

"मंग कुठं गेले ते?"

"मी काढले."

"काहून?"

गिऱ्हाइकासमोर ती काय सांगणार? "फोटोत बसत नोतं," एवढंच म्हणाली.

शालिकरामनं तिचा फोन मागितला. फोन त्याच्या हातात हलायला लागला, तसा भगवंतरावानं तो अलगद धरला आणि दोघांनी मिळून फोटो पाहिला. फोटोत भगवंतराव खांबासारखा उभा होता. पोट पार आत, ओठ मिटलेले.

"हा दम धरून उभा हाय," शालिकराम म्हणाला. "फोटो काढतानी कोण पोट सोडते? मी माप घेतो तवा पयले याच्या छातीवर हात ठेवतो आन याले वरडायले लावतो. सगळ्यात मोठा डायलॉग. छाती फुगली का मंग फीत लावतो. नटाले उभं नाई राहा लागत बाई, वरडा लागते."

भगवंतराव मान हलवत म्हणाला, "खरं हाय. मले वाटे, हा मानूस मायी गंमत करते."

गीतांजलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चूक कोणाकडूनही होते. पण तिनं बापाला न विचारता चुकीचं ठरवलं होतं आणि बरोबर होता तो बाप. तिनं तिथंच बाजूचे तुकडे उसवले आणि बापाकडून भगवंतरावाचं माप घेऊन ठेवलं.

चिलखताचं पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकलेलं बरं. दुसऱ्या दिवशी अमरावतीला जाऊन तिनं बाजू नव्यानं कापल्या आणि यात्रेत भगवंतराव असा गरजला की मागच्या रांगेतली झोपलेली लेकरं रडायला लागली. पण त्या दिवशी परतीच्या प्रवासात हे काही माहीत नव्हतं. जीप सोयाबीनच्या कापल्या रानांतून चालली होती. अटीत ती हरली होती, पेटी गेली होती, आणि त्याहून मोठी एक गोष्ट सांगायची राहिली होती. फाट्यावर बसची वाट पाहताना ती दोनदा उठली, दोनदा बसली, आणि शेवटी बोलून गेली.

"बाबा, मले वाटलं तुमचा हात हालला असन. मनून काढले मी."

बस आली, दोघं चढले, अकोला आलं, तरी शालिकराम बोलला नाही. तो रागावला असता तर तिला चाललं असतं.

घरी आल्यावर त्यानं पाणीसुद्धा मागितलं नाही. चपला काढल्या, पेटी ओढून अंगणात आणली आणि झाकण उघडलं. एकेक साचा काढायचा, उजेडाकडं धरायचा, कधी डावीकडं ठेवायचा, कधी उजवीकडं. हातात कागद फडफडायचा, आणि नेम चुकून कधी दुसऱ्याच ढिगावर पडला तर तो उचलून पुन्हा जागेवर ठेवायचा. हार ओवत बसलेली माणिकबाई मदतीला उठली तर त्यानं नजरेनंच तिला बसवलं. डावीकडचा ढीग उंच झाला. उजवीकडं पंचवीस-तीस कागद जमले. एका साच्याच्या कडेवरून त्यानं अंगठा फिरवला आणि तोही उजवीकडं ठेवला.

"हे आधीचे," डावीकडं बोट दाखवत तो म्हणाला. "याले हात नको लावू. जसे हायत तसेच मशीनीत घाल. आन हे दोन वर्षायतले. यात चुका हायत. कुठं कुठं हायत ते मले माईत हाय."

गीतांजली उंबऱ्यावरून खाली आली.

"तुमाले माईत होतं?"

"माया हात हाय. मले नाई माईत रायणार तं कोणाले?"

"मंग सांगतलं काहून नाई, बाबा?"

"तू विचारलं काहून नाई?"

माणिकबाईची सुई हारात थांबली. गीतांजलीचे डोळे भरून आले ते तिनं पुसलेही नाहीत. शालिकरामनं उजव्या ढिगातला वरचा कागद उचलला, निळ्या पेन्सिलीतलं नाव वाचलं आणि कागद तिच्यापुढं जमिनीवर पसरला.

"लिव," तो म्हणाला. "पातूरवाला देवानंद. उजवा खांदा. अर्धं बोट कमी कापला मी."

तिनं लिहून घेतलं आणि पुढचा कागद स्वतः उचलून त्याच्या हातात दिला.