भिजलेला वेत

“पण वेत वाळत कशाला घातलास? तो काय टॉवेल होता?”

“आई, दारात पत्र्याचा टब, टबात ती वेताची गांडुळं तरंगतायत. येणाऱ्या-जाणाऱ्याला काय वाटेल?”

खुर्चीकाकूंनी गच्चीवरून आणलेला वेताच्या पट्ट्यांचा भारा जेवणाच्या टेबलावर आपटला. एक पट्टी उचलून बोटाभोवती वळवली. कट्‌कन तुटली. दुसरी घेतली, तीही तुटली. वेत भिजला की दोऱ्यासारखा वळतो. पण भिजलेला वेत दिवसभर उन्हात तापला की कामातून गेला. मग पुन्हा कितीही भिजवा, त्याच्यात जीव येत नाही. वाचनालयाच्या सहा खुर्च्या परवा द्यायच्या होत्या. ज्या घरात बापाने चाळीस वर्षं खुर्च्या विणल्या, त्या घरातल्या मुलाला एवढंही ठाऊक नसावं!

वसंत आला की गल्लीतल्या खिडक्या उघडतात, खुर्च्या बाल्कनीत येतात, आणि कुणीतरी बसता बसता खाली जातं. मग काकूंचं दार वाजतं. काम उजेडातलं, म्हणून त्या दारातच बसायच्या. दुरुस्तीला आलेल्या खुर्च्यांवर गल्ली येऊन टेकायची आणि फुकटात अक्कल पाजळायची. पाण्याचे नळ, कुणाच्या मुलीचं लग्न, यंदाचं ऊन, कशावरही मत तयार.

हा धंदा नवऱ्याचा. त्याची नजर अधू झाली तेव्हा काकूंनी विणायला घेतलं. तो शेजारी बसून बैठकीवर बोटाच्या पेराने टकटक करायचा, आवाज ऐकायचा आणि म्हणायचा, “सैल आहे, उसव.” पहिली खुर्ची काकूंनी तीनदा उसवली होती. तो गेल्यावर तिसऱ्याच आठवड्यात त्यांनी टब दारात मांडला. तेव्हा समोरचे निवृत्त मास्तर म्हणाले होते, “वहिनी, अजून महिना नाही झाला. बाईमाणसाने असं रस्त्यावर बसणं बरं दिसतं का?”

“मास्तर, तुम्ही टेकलात ती खुर्ची अर्धीच विणलीय. उठा, नाहीतर याहून वाईट दिसेल.”

मास्तर उठले. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. गल्लीचं बोलणं काकूंनी कधी मनावर घेतलं नाही. पण हे घरातलं होतं.

“खरं सांग,” त्या म्हणाल्या. “मी बहिणीकडे गेलेली बघून आजच टब ओतावासा का वाटला?”

मुलाने पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच ठेवला. “आमचे नवे साहेब कोपऱ्यावरच्या इमारतीत राहायला आलेत. सकाळी नऊला इथूनच जातात.”

“जाऊ देत की. टबात पाय घालत नाहीत ना?”

“परवा त्यांनी मला विचारलं, ‘तुमच्या दारात बसतात त्या बाई कोण?’”

“मग? तू काय सांगितलंस?”

तो टेबलावरच्या तुटक्या पट्ट्या गोळा करू लागला. वेताच्या कामाला त्याने जन्मात कधी हात लावला नव्हता. सूनबाई ओट्यापाशी भांडी विसळत होती. तिने नळ बंद केला.

“सांगा ना,” ती नवऱ्याला म्हणाली. “मला सांगितलंत, तेच सांगा.”

“तू मध्ये बोलू नकोस.”

“शेजारच्या आहेत म्हणाले, आई.” सुनेने पदराला हात पुसले. “मला रात्रभर झोप नाही आली.”

काकूंनी टेबलावर नकळत बोटाच्या पेराने टकटक केली आणि क्षणभर कान दिला. मग हातातला तुकडा ठेवून त्या उठल्या. टब मोरीत पालथा घातलेला होता. तो सुलटा करून त्यांनी नळाखाली धरला, माळ्यावरून वेताची नवी गुंडाळी काढून त्यात सोडली आणि ओल्या हातांनीच टेबलापाशी परत आल्या.

“उद्यापासून मी दारात बसणार नाही,” त्या म्हणाल्या.

मुलाने सुटकेचा निःश्वास सोडला.

“समोरच्या फुटपाथवर बसणार, झाडाखाली. सहाही खुर्च्या पलीकडे तू न्यायच्यास. आणि सकाळी नऊला माझा चहा तूच आणून द्यायचास. या दारातून हाक मारायची, मोठ्याने, ‘आई’ म्हणून.”