सेतुरावांना न सांगितलेल्या कळा

कुंभकोणमच्या एका वकिलाच्या कचेरीत वत्सला बारा वर्षं टायपिस्ट होती. १९९२ साली तिथं कॉम्प्युटर आला, तेव्हा हेडक्लार्क सेतुरावांनी त्याचा ताबा घेतला आणि सगळ्यांदेखत म्हटलं, "वत्सला, तू पाकिटांना तिकिटं चिकटव. हे यंत्र बायकांना झेपायचं नाही."

तिला ते जिव्हारी लागलं. सेतुराव जेवायला घरी गेले की ती यंत्रासोबत आलेलं जाडजूड पुस्तक वाची. दोन कळा एकदम दाबल्या की अख्खी नोटीस उमटावी आणि यादीतली नावंगावं आपोआप जागच्या जागी बसावीत, ही युक्ती तिनं तीन महिन्यांत साधली. पण कुणापाशी अवाक्षर काढलं नाही.

पापनाशमच्या एका खटल्यात ऐंशी जणांना त्याच दिवशी नोटिसा जायच्या होत्या. एका बोटानं अक्षरं शोधत सेतुराव दुपारपर्यंत जेमतेम नवव्या नोटिशीवर पोचले. वकील कडाडले. तेव्हा वत्सला म्हणाली, "मी बसू का?" टपाल निघायच्या आत सगळ्या नोटिसा छापून तयार होत्या.

"कोणत्या कळा दाबल्यास गं?" सेतुरावांनी हळूच विचारलं.

"तुम्हाला झेपायचं नाही," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली.

पुढची पाच वर्षं तातडीच्या प्रत्येक कागदासाठी सेतुराव तिच्या खुर्चीशी येऊन उभे राहत, आणि ती त्यांना मुद्दाम ताटकळत ठेवी. ते निवृत्त झाले त्या दिवशी तिनं नव्यानं लागलेल्या सरस्वतीला त्यांच्यासमोरच यंत्रापाशी बसवलं आणि एकेक कळ समजावून सांगितली. सेतुराव गळ्यातल्या हारासकट बघत राहिले. वत्सलाला त्यांची जराही कीव आली नाही.