कोहळ्यावरचा राक्षस

देवनहळ्ळीच्या रस्त्याला एक रंगारी कोहळ्यांवर राक्षस रंगवत बसायचा. नव्या घराला दृष्ट लागू नये म्हणून लोक असे कोहळे दाराशी टांगतात. मी मुलांसाठी बोधकथा लिहितो. माझ्या कथांतली दुष्ट माणसंही अशीच, लाल डोळ्यांची आणि सुळ्यांची. त्यामुळे नव्या घरासाठी कोहळा घ्यायला गेलो, तेव्हा त्याचं काम बघत उभाच राहिलो. डोळे तो शेवटी काढायचा, आणि त्याआधी गिऱ्हाइकाला बाजूला सरकायला लावायचा. राक्षसाची पहिली नजर माणसावर पडू नये म्हणून.

“कुठल्या लेआउटात घर, सार?” माझं मराठी ऐकून त्यानंही आपल्या घरच्या मराठीत विचारलं.

मी आमच्या प्लॉटांच्या वसाहतीचं नाव सांगितलं. त्याचा ब्रश थांबला.

“तिथं आमची पपनसाची झाडं होती. एक जण आला, कपाळाला कुंकू लावून. माझ्या आईला अक्का म्हणाला, तिच्या पाया पडला, आणि कोऱ्या कागदावर तिचा अंगठा घेऊन गेला.”

“मग त्याचंच तोंड काढा की, अण्णा!”

“त्याला कोण भिणार? लोक हात जोडतील.” तो पुन्हा सुळे रंगवायला लागला.

मला प्लॉट विकणाराही माझ्या आईच्या पाया पडला होता. त्याच्याही कपाळाला कुंकू होतं. रंगाऱ्याच्या आईचा अंगठा घेणाऱ्याचं नाव मात्र मी विचारलं नाही.

वास्तुशांतीला प्लॉटवाला आला. टांगलेल्या राक्षसाखालून हसत आत शिरला, आईच्या पाया पडला. पहिलं पान मी त्यालाच वाढलं.