माणिकराव सरांचा समांतरभुज चौकोन

माणिकराव सर गेल्याचं शाळेतल्या एका सहकाऱ्यानं फोनवर सांगितलं आणि त्याच दमात म्हणाला, "अक्का, शोकसभेत दोन चांगले शब्द बोला." मी गेले नाही. सगळे बोलून झाले, आता मी लिहितेय. शब्द चांगलेच असतील असं नाही...

निर्णा गावाकडच्या शिवारात मेंढरं राखणाऱ्या घरातली मी. नववीत सर भूमिती शिकवायचे. शिकवायचे म्हणजे पुस्तक मोठ्यानं वाचायचे आणि मधूनमधून तपकीर ओढायचे. एकदा त्यांनी फळ्यावर लिहिलं, चौकोनाच्या समोरासमोरच्या बाजूंची एक जोडी समांतर आणि दुसरी सारख्या लांबीची असली की तो समांतरभुज चौकोन. मी उठले. "सर, बादली बाजूनं बघितली तर तळ आन् तोंड समांतर, दोन्ही कडा सारख्या. पण कडा तर खाली जवळ यायल्यात. मग बादलीबी समांतरभुज व्हय?"

सर हसले. "मेंढरं सोडून भूमिती कामून करायलीस गं? बादलीचं लई कळतंय तर बादलीच उचल." वर्ष सरत आलं तरी भूमितीच्या तासाला मी शिक्षकांच्या खोलीतला माठ भरत होते. फळ्यावरची चूक त्यांनी सुधारली नाही, पुढच्या पोरांनाही तीच लिहून दिली. चूक कळली नव्हती असं नाही. धनगराच्या पोरीनं दाखवली, हे पचलं नाही. एवढ्याशा काळजाच्या माणसाला गावभर विद्वान म्हणायचे!

माझ्या वडिलांना, अप्पांना, कळलं तसे ते शाळेत आले. "पाणीच भरायचं आसंल तर घरचा आड हाय की, सर. हितं कामून धाडू?" सरांनी पुस्तकातून मान वर केली नाही. अप्पांनी मला उदगीरला मामाकडं ठेवलं. तिथं शिकले, गणिताचीच शिक्षिका झाले आणि याच शाळेत रुजू झाले. सर तेव्हा निवृत्त झालेले. माझ्या सत्काराला न बोलावता आले आणि चारचौघांत म्हणाले, "हिचा पाया मीच घातला." लाज म्हणून काही असते... असो.

आता हार घातलेला त्यांचा फोटो माझ्या वर्गात फळ्याच्या वर लागलाय. परवा समांतरभुज चौकोनाचे कर्ण एकमेकांना दुभागतात, ते शिकवत होते. पहिला कर्ण काढला, तेवढ्यात पुढच्या बाकावरच्या पोरीनं विचारलं, "मॅडम, हे कोण?"

"ह्यांनी हितं गणित शिकवलं."

"चांगलं शिकवायचे?"

"न्हाई," मी म्हटलं, आणि दुसरा कर्ण काढला.