सिंधूमावशीचा सतरा नंबरचा फॉर्म

फोन आला तेव्हा मी नगरच्या एका छापखान्यात पत्रकाचं प्रूफ तपासत होते. पलीकडून लक्ष्मणकाका एवढंच म्हणाले, "तायडे, सिंधू गेली." मी विचारलं, कुठं? खरंच विचारलं. सकाळी चहाचं आधण ठेवताना छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आत सगळं संपलं, हे त्यांनी मग सांगितलं. त्याला आता सात आठवडे झाले...

सिंधूमावशी नात्यानं माझी कोणी नव्हे. श्रीगोंदा तालुक्यात एका साखर कारखान्याच्या फाटकासमोर तिची आणि लक्ष्मणकाकांची चहाची टपरी. दोघं खर्ड्याकडची, ऊस तोडायला आलेली. मोळ्या वाहून तिचा खांदा कायमचा दुखावला, तेव्हा इथंच राहिली. माझे वडील कामगारांच्या संघटनेत. आमच्या घरात खेळण्यांपेक्षा पत्रकं जास्त होती. मी वाचायला शिकले पत्रकांवर आणि पत्रकं वाटायला शिकले मावशीच्या टपरीवर, कारण वजनकाट्यासाठी खोळंबलेले ट्रकवाले तिथंच बसत.

त्या खोळंब्यात मावशीनं एक खेळ काढला होता. समोर उभ्या ट्रकच्या पाटीवरची चार इंग्रजी अक्षरं घ्यायची आणि ती चारही ज्यात येतात असा इंग्रजी शब्द शोधायचा. क्रम कसाही चालेल. एम आणि एच तर प्रत्येक पाटीवर असायचेच, पुढची दोन बदलायची. एम आणि एच 'होम'मध्ये नि 'मदर'मध्ये आयतेच सापडतात, त्यांचं काय कौतुक, असं तिचं म्हणणं. कुण्या ड्रायव्हरनं टाकून दिलेली डिक्शनरी तिच्याजवळ होती. तिची पहिली पानं उंदरांनी खाल्लेली, म्हणून 'ए'पासून सुरू होणाऱ्या शब्दांवर ती कुणाचाच दावा मान्य करत नसे. शब्द छापलेला दाखवा, नाहीतर गप चहा प्या. बारावी झालेले ड्रायव्हर तिच्यापुढं डोकं खाजवत बसायचे. पुढं सी आणि सी आले त्या पाटीला तिनं 'मेकॅनिक' काढला तेव्हा एकानं तिला मास्तरीण म्हणून हात जोडले होते. एकदा पाटीवर बी आणि टी आले. मी 'बाथरूम' म्हणाले. मावशी पाटीकडं बघत राहिली आणि म्हणाली, "थंब. आंगठा. आमच्यातल्या निम्म्यांची सही."

मी तो शब्द पुढच्या पत्रकाचा मथळा केला. मावशीला विचारलंही नाही.

इंग्रजीचा मला राग होता. जिच्या जोरावर साहेबांची पोरं आमच्या पोरांना मागच्या बाकावर ढकलतात ती भाषा आपण लाडानं का खेळवायची, असं मी तिला किती वेळा ऐकवलं असेल. ती ऐकून घ्यायची आणि पुढच्या ट्रककडं बघायची. मागच्या उन्हाळ्यात तिनं मला टपरीच्या मागं बोलावलं. आठवीत असताना तिच्या हातात कोयता आला होता. आता तिला दहावीला बाहेरून बसायचं होतं, सतरा नंबरचा फॉर्म भरून. बाकीचे विषय वाचून होतील, इंग्रजीची भीती होती ती आता मोडली, असं ती हळू आवाजात सांगत होती, जणू काही चोरीचं बोलतेय. गावाकडून आणलेला शाळा सोडल्याचा दाखला तिनं माझ्या हातात दिला. फॉर्म ऑनलाइन भरायचा होता, तो मी भरणार होते.

दाखला माझ्या पिशवीत राहिला. त्या दिवसांत मी ऊसतोड बायांच्या शिक्षणाच्या हक्कावर पत्रक लिहीत होते. त्याचे चार खर्डे केले. एकेका शब्दासाठी सोबत्यांशी भांडले. पत्रक छापून आलं, फाटकावर वाटलं, लोकांनी वाखाणलं... आणि फॉर्मची मुदत आठ दिवसांपूर्वीच संपली होती. विलंब शुल्क भरून मिळणारी पुढची मुदत मला माहीत होती. तीही मी मोर्च्याच्या धावपळीत घालवली.

चूक कबूल करण्याऐवजी मी तिला भाषण दिलं. परीक्षा म्हणजे गरिबाला गाळायची चाळणी, कागदावरच्या शिक्क्यानं माणूस मोठा होत नाही, वगैरे. ती कपबश्या विसळत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "व्हय. मग तू कशाला गं बी.ए. झाली?"

तिनंच चहा पुढं केला. पुढल्या साली भरू, मुदतीच्या आदी भरू, म्हणाली. त्यानंतरही ती माझ्याशी तशीच हसून बोलत राहिली, आणि मी तेवढ्यावर स्वतःला माफ करून टाकलं.

परवा टपरीवर गेले. काका एकटेच होते. दुधाच्या पातेल्यावर झाकण म्हणून पुठ्ठ्याचं पॅड ठेवलेलं, पोरं परीक्षेला नेतात तसलं. सिंधूनं बाजारातून आणलं होतं, म्हणाले. मग घुटमळत त्यांनी विचारलं, "तायडे, तिचं हॉल तिकीट आलं असंल ना? त्याच्यावर फोटू असतो म्हनं. तिचा एकबी फोटू न्हाई माझ्याजवळ."

तिनं त्यांना सांगितलंच नव्हतं. महिनोन् महिने टपरीवर त्यांच्या शेजारी बसून ती माझी चूक झाकत राहिली.

मी सांगितलं. फॉर्म भरलाच नव्हता, माझ्यामुळं राहिला. काका काट्याकडच्या रांगेकडं बघत राहिले. म्हणाले, "तिला म्हाईत हुतं?"

"हो, काका."

"आन् रोज पाटंचं उठून वाचायची की गं..."

दूध उतू जायला आलं तसं त्यांनी पॅड उचललं, फडक्यानं पुसलं, आच कमी केली आणि पॅड परत पातेल्यावर ठेवलं. त्याच्या चिमट्यात एक कोरा कागद आहे, मावशीनं लावलेला. वाफेनं त्याच्या कडा वळल्यात. काकांनी तो काढलेला नाही. मी आयुष्यभर कोरा कागद दिसला की लिहायला धावले. त्या कागदाला हात लावायचं धाडस मला झालं नाही.