बसलेली सिस्टर

वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरांना सगळे लगबगबाई म्हणत. त्या बोलायच्या चालता चालता, चहा घ्यायच्या उभ्या उभ्या. बसायच्या फक्त एकाच कामासाठी, मरणाविषयी बोलायला. उभ्याने बोललं की उरकल्यासारखं होतं, आणि मरण काय उरकायची गोष्ट आहे? मग स्टूल ओढायचं, "तुम्हाला काय वाटतंय?" म्हणून विचारायचं आणि गप्प राहायचं. हे गप्प राहणं बाईंना किती जड जात असेल, देव जाणे!

सध्या त्यांच्या जिवाला एकच घोर होता. सात नंबरच्या म्हाताऱ्या बसड्रायव्हरकडे फार तर आठवडा उरला होता आणि त्याची मुलगी काही केल्या बोलू देत नव्हती.

"बाबांना एक अक्षर सांगायचं नाही. हाय खातील!"

तीन दिवस बापलेक नुसते हवापाण्यावर बोलत होते.

त्या सकाळी बाईंच्या चपलेचा पट्टा तुटला. त्या मटकन बसल्या, त्या नेमक्या आठ नंबरपाशी. आठ नंबर म्हणजे हर्नियाचा शिंपी, उद्या घरी जाणारा. बाईंनी सवयीने विचारलं, "काय, कसं वाटतंय?"

शिंपी पांढराफटक पडला. सिस्टर बसल्या! त्याने बायकोचा हात घट्ट धरला.

"अगं, तुझ्या भावाच्या लग्नातला कोट मी मुद्दाम आखूड शिवला होता. माफ कर मला."

"माहितेय हो. पण ते आत्ता कशाला?"

"मी चाललो गं!"

"उद्या! घरी!" बाई हातातली चप्पल नाचवत ओरडल्या.

अख्खा वॉर्ड खो खो हसत सुटला. सात नंबर तर ठसका लागेपर्यंत हसला. मुलगीही हसत हसत त्याला पाणी पाजत होती. ठसका थांबला तसा तो म्हणाला, "सिस्टर, खाट चुकली ना तुमची?"

मुलीच्या हातातला पेला तसाच राहिला. बाईंनी तिच्याकडे पाहिलं. तिने पेला खाली ठेवला आणि हळूच मान डोलावली. बाई एका पायात चप्पल घालून स्टूल घेऊन आल्या.

"काका, तुम्हाला काय वाटतंय?"

"वाटायचं काय, मला ठाऊक आहे. पोरीला कोण सांगणार, तेवढंच कळत नव्हतं."

बाईंनी उठून स्टूल मुलीपुढे सरकवलं. ती बसली. डोळे पुसत, नाक ओढत तिने विचारलं, "बाबा, भीती वाटतेय का हो?"

"तीन दिवस वाटत होती," तो म्हणाला. "तू काही बोलतच नव्हतीस."